‘जुना’ करार

माझे वडील नशिराबादेत दस्तलेखनाचा व्यवसाय करीत. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, असे जे जे म्हणून कागदावर आणून दोन साक्षीदारांच्या निशाणीने पक्के करावे लागते ते ते त्यांच्या लेखणीखालून जाई, आणि त्यामुळे ‘असल’, ‘नक्कल’, ‘मजकूर’, ‘वारस’, ‘फारकत’ हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीइतके नित्याचे होते. यहुदी धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांचे एकमेकांशी नाते काय आणि त्यांच्यातला भेद नेमका कोठे पडतो, हा प्रश्न मला प्रथम भेटला तो कोणत्या ग्रंथात नव्हे, तर भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील एका ओसरीवर, आणि तोही या दस्तांच्याच भाषेत.

एका शुक्रवारी संध्याकाळी वडिलांबरोबर मी वाघूर ओलांडून तेथे गेलो होतो. त्यांचे एक स्नेही तेथे गाडीवर गार्ड होते. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल समाजाचे, घरात अस्सल कोकणी मराठी. शेजारच्याच बिऱ्हाडात रेल्वेच्या शाळेतले एक शिक्षक राहत. ते नगरकडचे ख्रिस्ती. दिवस मावळण्यापूर्वी गार्डांच्या पत्नीने काचेच्या पेल्यात निम्मे पाणी आणि वर खोबरेल तेल घालून त्यात वात सोडली, ती पेटवली, आणि डोळ्यांवर हात धरून त्या काही पुटपुटल्या. शिक्षक सहज मला म्हणाले, “बाळ, यांचा आणि आमचा अर्धा ग्रंथ एकच आहे बरं का. आमचा जुना करार तोच यांचा धर्मग्रंथ.” त्यावर गार्ड शांतपणे म्हणाले, “जुना कशानं, मास्तर? आमचा तर चालूच आहे.” माझे वडील, जे धर्मचर्चेत सहसा तोंड उघडीत नसत, एवढेच बोलले, “दस्त रद्द करायचा तर दोन्ही पक्षांची सही लागते. ती झाली आहे का, एवढंच बघायचं.”

पुढे पुष्कळ वाचन झाले, पण त्या तीन वाक्यांच्या बाहेर जाण्याचे मला फारसे कारण पडले नाही. ‘करार’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आमच्या दफ्तरांत आला आणि तेथून मराठी बायबलाच्या मुखपृष्ठावर चढला. हिब्रूत त्याला ‘बरीथ’ म्हणतात. अब्राहामाशी ईश्वराने जो करार केला त्याची निशाणी कागदावर नाही, देहावर आहे: जन्मल्यापासून आठव्या दिवशी मुलाची सुंता. पुढे सीनाय पर्वतावर मोशेच्या हातून त्याच कराराची कलमे मिळाली, आणि यहुदी परंपरा ती कलमे 613 मोजते. ख्रिस्ती वाचकाला, विशेषतः जो पौलाची पत्रे वाचून आलेला आहे त्याला, हे नियमांचे जोखड वाटते. पण ज्याच्या घरी ते पाळले जातात त्याला विचारले तर तो त्यास प्रसाद म्हणतो, कारण भोजन, वस्त्र, शेत, चूल यांपैकी कोणतीही गोष्ट ईश्वराच्या नजरेबाहेर राहू नये अशी त्यातली योजना आहे. पीक कापताना शेताचा कोपरा सोडावा आणि पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी असू द्यावीत, हे त्यातलेच एक कलम. आमच्याकडे ज्वारीची काढणी झाल्यावर बायाबापड्या सरवा वेचायला येतात, आणि भला शेतकरी त्यांना हाकलत नाही, ही जी खानदेशी रीत तिला तेथे धर्माज्ञेची मोहोर मिळालेली आहे.

आता ‘नवा’ हा शब्द कोठून आला ते पाहू. तो ख्रिस्ती लोकांनी बाहेरून आणलेला नाही. यिर्मया या इस्राएलाच्याच संदेष्ट्याने, यरुशलेमच्या पाडावाच्या काळात, असे दिवस येतील की देव आपल्या लोकांशी नवा करार करील आणि नियमशास्त्र त्यांच्या अंतःकरणावर लिहील, असे आश्वासन दिले होते. वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांतील शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने पेला हातात घेऊन त्याच आश्वासनाचा उच्चार केला आणि आपल्या रक्ताने तो करार होतो आहे असे सांगितले, ही ख्रिस्ती श्रद्धेची गाभ्याची घटना. यहुदी वाचक यिर्मयाचे तेच वचन वाचतो आणि म्हणतो: हृदयावर लिहिले जाईल ते नियमशास्त्र तेच आहे, दुसरे नाही, पक्षही तेच आहेत, इस्राएलाचे घराणे, म्हणून हा दस्ताचा नूतनीकरण-लेख आहे, फारकत नव्हे. एकाच मजकुरावर दोन वाचने उभी राहतात, आणि दोन्ही वाचणारे त्या मजकुराशी प्रामाणिक असतात.

येशू स्वतः यहुदी होता, त्याची सुंता आठव्या दिवशी झाली, तो सभास्थानात वाचीत असे, त्याचे सर्व पहिले शिष्य यहुदी होते, या गोष्टी आज कोणी नाकारीत नाही. तरीही त्यांचा अर्थ मनात भिनायला वेळ लागतो. त्याच्या मरणानंतर सुमारे वीस वर्षांनी यरुशलेमात शिष्यांची जी बैठक भरली तिच्यापुढील वाद येशू कोण हा नव्हताच. वाद होता वारसनोंदीचा. जे ग्रीक, सिरियन, रोमन लोक येशूला मानू लागले आहेत त्यांची नावे अब्राहामाच्या वंशावळीत लावावयाची तर त्यांनी आधी सुंता करून घ्यावी काय, आहारनियम पाळावेत काय? अशी सक्ती नको म्हणणाऱ्या पौलाच्या बाजूने निकाल लागला: निशाणीवाचून नोंद करावी, थोड्या अटी पाळाव्यात. ख्रिस्ती धर्म जगभर पसरू शकला तो या निकालामुळे, आणि यहुदी धर्माशी त्याची वाट फुटली तीही येथूनच. यरुशलेमचे मंदिर इ. स. 70 मध्ये रोमनांनी जाळले तेव्हा ती फूट आणखी रुंदावली, आणि 325 च्या निकाया परिषदेने पुनरुत्थानाचा सण यहुदी पंचांगावरून ठरवणे सोडले तेव्हा दोन घरांच्या भिंती वेगळ्या झाल्या.

तरी चर्चने एक गोष्ट केली नाही, आणि तिच्याकडे आपल्याकडचे अभ्यासक पुरेसे लक्ष देत नाहीत असे मला वाटते. दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये मार्सियन नावाचा एक प्रभावी पुरुष उठला आणि म्हणू लागला की जुन्या ग्रंथातला देव निराळा, कठोर. येशूचा पिता निराळा, प्रेमळ. म्हणून जुना दस्त फाडून टाका. चर्चने मार्सियनलाच बाहेर काढले. त्या दिवशी मार्सियनचे ऐकले असते तर ख्रिस्ती आणि यहुदी यांच्यात आज वादाचे कारणच उरले नसते, कारण नातेच उरले नसते. भांडण चालते ते सामाईक मिळकतीवर.

पौलाने या नात्याला जैतुनाच्या झाडाची उपमा दिली आहे. इस्राएल हे लागवडीचे जैतून. परराष्ट्रीय ख्रिस्ती ही रानटी फांदी, तिचे कलम त्या झाडावर झाले. तेव्हा फांदीने मुळावर तोरा मिरवू नये. ही उपमा मी प्रथम वाचली तेव्हा थबकलो, कारण आमच्या जळगावाजवळ मेहरूणच्या बोरांचे जे बागवान आहेत त्यांना विचारा, डोळा भरतात तो गावठी बोरीवर चांगल्या जातीचा. उलट कोणी करीत नाही. पौलालाही ते ठाऊक होते. हे निसर्गाच्या विरुद्ध आहे असे तो स्वतःच सांगतो. रानटी फांदी चांगल्या झाडावर लावणे हे बागवानाचे शहाणपण नव्हे, ती धन्याची कृपा आहे, असे त्याला म्हणायचे आहे. पुढच्या सुमारे अठराशे वर्षांत फांदीने मुळाचे काय केले, हा युरोपचा इतिहास आहे, आणि तो वाचताना मान खाली जाते.

महाराष्ट्रात मात्र या दोन धर्मांची जी गाठ पडली ती त्या रक्ताळलेल्या इतिहासापासून दूर, आणि म्हणून भेदाचे स्वरूप येथे अधिक स्वच्छ दिसते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरा आहे. किनाऱ्यालगत त्या गलबतातील मृतांची म्हणून जी थडगी दाखवतात ती आजही पूज्य आहेत. कुलाब्याच्या गावागावांत ते पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी, आपल्या धार्मिक विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. नशिराबादेत माझ्या लहानपणी घाण्याचा बैल शनिवारीही फिरे. उलट मारुतीला तेल वाहण्याचा दिवस म्हणून त्या दिवशी तेलाला गिऱ्हाईक जास्त. अशा मुलुखात ज्यांनी नेमका तोच दिवस धंदा बंद ठेवण्याचा निवडला आणि शतकानुशतके सोडला नाही, त्यांच्याजवळ त्यावेळी ग्रंथ नव्हता, पुरोहित नव्हता, हिब्रू भाषा नव्हती; ईश्वर एकच आहे एवढे सांगणारे एक हिब्रू वचन तोंडपाठ होते, सुंता होती, खाण्यापिण्याचे काही नियम होते. प्रायश्चित्ताच्या महादिवसाला ते ‘दारफळणीचा सण’ म्हणत; दारे लावून घेत आणि उपास करीत. दाविद राहबी नावाचा परदेशी यहुदी पुढे त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याने स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले, आणि त्यांनी खवले व पर असलेले तेवढे वेगळे काढले, यावरून त्याने ओळखले, ही हकीकत त्या समाजात प्रेमाने सांगतात. असल दस्त हरवला होता, पण वहिवाट अखंड होती. आणि वहिवाटीचे वजन दिवाणी दाव्यात किती असते हे दस्तलेखकाच्या मुलाला कोणी सांगायला नको.

मुंबईत 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या पलटणीतील बेने इस्राएल अंमलदाराने समाजाचे पहिले सभास्थान बांधले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1813 मध्ये, गॉर्डन हॉल आणि त्याचे सहकारी मिशनरी अमेरिकेहून आले, मराठी शिकले, शाळा काढल्या. 1829 मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. कोकणच्या या लहानशा समाजाने त्यांचे मन वेधून घेतले. हिंदूला येशूकडे आणावयाचे तर आधी अब्राहाम, मोशे, दावीद कोण ते सांगावे लागे. येथे तर अब्राहामाची लेकरे समोर बसलेली. विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले ते मुख्यतः यांच्यासाठी. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, त्यांतले कित्येक त्याच शाळांत शिक्षक झाले. मिशनऱ्यांचा तर्क सरळ होता: या लोकांच्या हाती त्यांचाच ग्रंथ द्यावा, ते संदेष्टे वाचतील, आणि संदेष्टे त्यांना येशूपाशी नेऊन पोहोचवतील.

घडले ते वेगळेच. त्यांनी ग्रंथ घेतला, व्याकरण घेतले, लिपी घेतली, मनापासून वाचले, आणि ते अधिक पक्के यहुदी झाले. बाप्तिस्मा घेणारे अगदी थोडे निघाले. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी प्रार्थनेची रीत दिली, मिशन शाळांनी अक्षर दिले, आणि या दोहोंच्या मेळातून त्या समाजाची मराठी धर्मवाङ्मयाची परंपरा उभी राहिली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईस आणि 1874 मध्ये पुण्यास छापली गेली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकऱ्यांची तयारी करताना दिसतात, आणि मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या त्या लोकांचे स्वयंपाकघर आपल्या शेजारचेच वाटते. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. समाजाने मराठी कीर्तनेसुद्धा रचली, ज्यांत टाळ आपला, चाल आपली आणि आख्यान योसेफाचे किंवा मोशेचे.

या घटनेचा अर्थ काय लावावा? मिशनऱ्यांचा पराभव झाला असे म्हणणे मला उथळ वाटते. त्यांनी हातचे राखून न ठेवता दिले, आणि घेणाऱ्यांनी आपल्या बुद्धीने वाचले, यात उभयतांची शोभाच आहे. पण भेदाच्या दृष्टीने तो निर्णायक प्रयोग होता. युरोपात यहुदी माणूस ख्रिस्ताला नाकारतो तो छळाच्या कडवटपणाने, असा खुलासा काही भले लोक करीत आले. कोकणात छळ झाला नव्हता, कडवटपणा नव्हता, उलट शाळा आणि स्नेह होता. तरीही त्या ग्रंथातून त्यांना ख्रिस्त दिसला नाही. मग भेद वाचण्यातच आहे, आणि तो मूलभूत आहे, हे कबूल करावे लागते.

गोव्यात याच्या अगदी उलट चित्र होते. तेथे 1560 मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले ते प्रामुख्याने, पोर्तुगालमधून आलेले ‘नवे ख्रिस्ती’, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांचे वंशज, घरात गुपचूप यहुदी रीती पाळतात काय हे शोधून काढण्यासाठी. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य राहिलेला आणि भारतातील औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यात अपूर्व ग्रंथ छापणारा गार्सिया द ओर्ता हा अशाच घराण्यातला. तो 1568 मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. त्याच्या आदल्याच वर्षी एक इंग्रज जेझुइट तरुण गोव्यात उतरला होता, ज्याने पुढे मराठीची थोरवी गाइली आणि 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले: फादर स्टीफन्स. त्या पुराणाचे दोन भाग आहेत, 36 अवस्वरांचे, म्हणजे अध्यायांचे, पहिले पुराण आणि 59 अवस्वरांचे दुसरे. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून इस्राएलाची सर्व कथा त्याने ओवीबद्ध केली, आणि इतक्या जिव्हाळ्याने की अब्राहाम मराठी मुलखातला वाटावा. ज्या नगरात इस्राएलाच्या वंशजाची हाडे जाळली गेली त्याच नगरीच्या छायेत इस्राएलाच्या पूर्वजांची कथा मराठीत पवित्र म्हणून गाइली जात होती. या दोन गोष्टी एकाच चर्चच्या पोटी निपजल्या, आणि मला त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत.

असल आणि नक्कल यांचा मुद्दाही येथे येतो. यशयाच्या ग्रंथात एक तरुणी पुत्राला जन्म देईल असे वचन आहे. हिब्रू मूळ शब्दाचा अर्थ ‘तरुण स्त्री’, पण ख्रिस्तापूर्वीच झालेल्या ग्रीक भाषांतरात तेथे ‘कुमारी’ हा शब्द पडला, आणि मत्तयाने शुभवर्तमान लिहिताना तो ग्रीक पाठ घेतला. यहुदी पंडित शतकानुशतके म्हणत आले: असल काढून पाहा. ते पाहण्याची हिंमत आपल्यात पंडिता रमाबाईंनी केली. लहानपणी भागवत पाठ केलेल्या त्या विदुषीने उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून केडगावी, मुक्ती मिशनमधल्या निराधार स्त्रियांकडून खिळे जुळवून घेत, मुळावरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या अखेरपर्यंत ख्रिस्तभक्त राहिल्या. असल पाहिल्याने निकाल आपोआप लागतो असे नाही. श्रद्धा मजकुरापाशी येते तेव्हा काही घेऊन येते.

आपण हिंदू वाचक येथे एक चूक फार लवकर करतो. येशू हा ईश्वराचा अवतार, असे ऐकले की आपल्याला त्यात अडचण दिसत नाही, कारण आपल्याकडे अवतार पुष्कळ. आणि मग यहुदी लोक उगीच हट्ट धरून बसले असे वाटू लागते. पण ज्या परंपरेत ईश्वराची प्रतिमा करणे हेच महापाप, जिचा मरणाऱ्याच्या ओठांवरचा शेवटचा उच्चार ईश्वराच्या एकत्वाचा, तिला एका माणसाविषयी ‘हाच तो’ असे म्हणणे म्हणजे करार मोडणेच. ख्रिस्ती माणसाला मात्र त्या एकत्वाचाच कळस तेथे दिसतो. तसेच मसीहाचे, म्हणजे ज्याच्या येण्याचे वचन आहे त्या तारणाऱ्याचे. यहुदी विचारतो: तो आला असेल तर युद्धे का थांबली नाहीत, सरवा वेचणारी विधवा अजून उपाशी का? ख्रिस्ती सांगतो: तो दुःख सोसायला आला होता, राज्य करायला पुन्हा येईल. आदिपापाची कल्पना यहुदी धर्मात नाही, म्हणून त्यातून सोडवणाऱ्या बलिदानाची गरजही त्याला तशी वाटत नाही. या गोष्टींवर ‘सर्व धर्म शेवटी एकच’ असे आपले नेहमीचे पांघरूण घालणे हा दोघांचाही अवमान आहे. त्या ओसरीवरच्या दोघा शेजाऱ्यांनी ते कधी घातले नाही, आणि त्यांच्यातला स्नेह मी डोळ्यांनी पाहिला.

वारसनोंदीचे दावे घराच्या आतही चालतात. इस्राएल देशात गेलेल्या आपल्या बेने इस्राएलांच्या विवाहांविषयी तेथील धर्मपीठाने शंका काढली, तेव्हा त्या समाजाने झगडा दिला, आणि ते सर्वार्थाने यहुदी आहेत असे 1964 च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेला जाहीर करावे लागले. पुढच्याच वर्षी, 28 ऑक्टोबर 1965 रोजी, व्हॅटिकनच्या परिषदेने पौलाच्या त्या जैतुनाची आठवण करून, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष यहुदी लोकांवर सरसकट ठेवता येत नाही आणि देवाने त्यांना दिलेले परत घेतलेले नाही, असे घोषित केले. गार्डांचे ‘चालूच आहे’ हे म्हणणे दुसऱ्या पक्षाच्या दफ्तरी निदान दाखल तरी झाले.

दोघांचा तो सामाईक ग्रंथ बांधलाही निराळा जातो. यहुदी क्रमात शेवटी इतिहासाचे ग्रंथ येतात, आणि इराणचा राजा कोरेश फर्मान काढतो की ज्याला यरुशलेमला वर जायचे असेल त्याने जावे. वाट मोकळी होते आणि ग्रंथ थांबतो. ख्रिस्ती क्रमात शेवटी मलाखी येतो, आणि तो एलीया संदेष्टा येणार असल्याचे सांगतो. ख्रिस्ती वाचक पान उलटतो व बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने एलीया येऊन गेल्याचे वाचतो. यहुदी अजून वाट पाहतो. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरतो, सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी आसन मांडतो. आणि आपले बेने इस्राएल तर एलियाहू हन्नाबी, म्हणजे याच एलीया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: पोहे, गूळ, ओले खोबरे, वर फळे, ताट भरून; अलिबागजवळ खंडाळ्यास खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापा उमटल्या आहेत असे ते मानतात, आणि नवस फेडायला तेथे जातात.

माझ्याजवळ मराठी बायबलाची एक जुनी प्रत आहे, जळगावच्या बाजारात रद्दीच्या गाड्यावर मिळालेली. तिच्यात मलाखी संपतो आणि मत्तय सुरू होतो त्या दोहोंमध्ये एक कोरे पान आहे. यहुदी वाचक जेथे थांबेल आणि ख्रिस्ती वाचक जे उलटेल ते नेमके हे पान. मलाखीच्या अखेरच्या ओळींत, एलीया येऊन बापांची मने लेकरांकडे आणि लेकरांची बापांकडे वळवील, अशा अर्थाचे वचन आहे. त्याच्या समोरच्या त्या कोऱ्या पानावर प्रतीच्या पूर्वीच्या धन्याने, बोरूने, ठसठशीत मोडीवळणाच्या बाळबोध अक्षरात आपल्या पाच मुलांचे जन्मदिवस आणि त्यांतल्या दोघांचे मृत्युदिवस लिहून ठेवले आहेत.